एक टोपलंभर बोंडं

परवा जुनी उशी उसवली. आतल्या कापसाला सरकीचा तेलकट वास होता. त्या वासासरशी सत्तरच्या दशकातली, परतूरजवळच्या आमच्या गावातली एक दुपार समोर आली.

मी नुकतीच मानसशास्त्रात एम.ए. झाले होते. मनोरुग्णालयातल्या नोकरीची मुलाखत तोंडावर आली होती आणि गाठीला अनुभव काहीच नव्हता. शेजारच्या शेवंताकाकू लेक वारल्यापासून कुणाशी बोलत नव्हत्या. त्यांच्यासमोर बसून मी पुस्तकातले प्रश्न एकामागून एक विचारले. त्या मान खाली घालून कापसाची न उमललेली बोंडं फोडत राहिल्या.

आमच्याकडे बाई कामात असली की तिच्याशेजारी कुणी नुसतं बसत नाही. ओशाळून मीही प्रश्न सोडले, बोंडं पुढ्यात ओढली आणि फोडू लागले. टोकं नखांच्या कडेला टोचत होती. बऱ्याच वेळानं काकू म्हणाल्या, "तुला न्हाई जमून राह्यलं. माझी सुमन लई जल्दी फोडायची."

मान वर न करता मी विचारलं, "अजून काय करायची सुमन?"

मग टोपलं भरेपर्यंत काकू बोलत होत्या. एकदा हसल्यासुद्धा. मी घरी पळतच आले. पुढं उभी नोकरी याच कामात गेली, पण तसं पळावंसं पुन्हा कधी वाटलं नाही.

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "अनुभव किती?"

मी ओरखडलेली बोटं टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "एक टोपलंभर."