हॉलमधला तंबू

तळ्याकाठच्या उद्यानात तंबू ठोकून सगळ्यांनी एक रात्र काढायची, ही कल्पना बाबांची. सगळा जन्म सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून गेला, उघड्यावर झोपायचं तेवढं राहिलं, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या शनिवारी निघायचं ठरलं आणि माझ्या जिवाला घोर लागला. बेळ्ळंदूरच्या ऑफिसात भर मीटिंगमध्ये मी पावसाचा अंदाज बघत होते. बाबांना सारखे फोन. टॉर्च घेतला? गोळ्या? कानटोपी? सगळ्याला त्यांचं एकच उत्तर, ‘सरी.’ इतकी वर्षं बंगळुरात काढल्यावर वाद टाळायला हा कानडी होकार त्यांना फार सोयीचा पडायचा.

शेवटी राहवेना, म्हणून आदल्या रविवारीच ट्रॅफिकला शिव्या घालत मल्लेश्वरमला त्यांच्या घरी पोचले. बघते तर सोफा भिंतीला सरकवलेला आणि हॉलच्या मधोमध निळा तंबू. बाबा आत आडवे, पाय तेवढे बाहेर.

‘रंगीत तालीम!’ आतून आवाज आला.

मला हसू आलं, पण स्वस्थ बसवेना. मी चेन ओढून बघितली, कापड चाचपलं. तेवढ्यात आईनं चहा आणून ठेवला आणि ती स्वयंपाकघरात गेली.

‘बाबा, चहा.’

‘इथेच दे.’

‘पुरे झाली पिकनिक. या बाहेर.’ माझा आवाज चढलाच.

तंबू हलायला लागला. वाटलं, मस्करी करताहेत. मग एक काठी वाकली आणि धाप ऐकू आली.

‘तू आत जा जरा,’ बाबा म्हणाले. ‘मी येतो.’

मी स्वयंपाकघरात गेले. आई माझ्याकडे न बघताच बोलली, ‘गुडघे गेलेत त्यांचे. खाली बसलं की उठता येत नाही. पूजेलासुद्धा खुर्ची घेतात. तुला कळलं तर तू बेत रद्द करशील, म्हणून मला बोलू देईनात.’

मला दोघांचा भयंकर राग आला. तशीच जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची उचलली, तंबूच्या तोंडाशी ठेवली आणि रांगत आत शिरले. बाबा छताकडे बघत होते.

‘रद्द करणार असशील तर मी बाहेर येत नाही.’

‘उठा आधी.’

त्यांचा एक हात खुर्चीवर, दुसरा माझ्या खांद्यावर. सगळा भार माझ्यावर आला तेव्हा मी मनातून घाबरले. कसेबसे ते खुर्चीत बसले. बराच वेळ दम खात राहिले.

‘तिथे चारचौघांत असं उठवशील मला?’

‘उठवीन.’

त्यांनी कप उचलला. चहा पार निवला होता, तरी सगळा प्यायले.

‘सरी,’ म्हणाले. ‘मग ही खुर्ची गाडीत मावते का, बघून ये.’