लाल कांद्याने मिळवून दिलेला पहिला प्रवेश

मंडळी, आज दुपारी मी लिहिलेला कोड एका ओपन सोर्स, म्हणजे कुणीही सुधारणा सुचवू शकेल अशा, ॲपमध्ये घेतला गेला. पहिल्यांदाच! नाशिकला येऊन कोडिंग शिकायला लागले, त्याला चारच महिने झालेत.

हे शेतमाल साठवणुकीचं ॲप सरसकट सांगत होतं, 'कांदा हवेशीर कांदाचाळीत पाच महिने ठेवा.' गावी देवळ्याला कांदा पिकवणाऱ्या पप्पांना फोनवर वाचून दाखवलं. ते हसायलाच लागले. "उन्हाळ कांदा टिकतो. लाल महिनाभरात सडंल, बाई!"

ॲपचं ऐकून एखाद्याचा अख्खा माल गेला असता. मी कोडमध्ये लालसाठी वेगळी अट लिहून पाठवली. ॲप सांभाळणाऱ्या बंगळूरच्या मॅडमनी विचारलं, "कांद्यात प्रकार असतात?"

कोड मोठमोठ्या लोकांनी तपासला होता. कांदा कुणीच नाही.

तुमच्या घरात सगळ्यांना माहीत असलेलं असं काय आहे, जे कुठल्याच ॲपला अजून माहीत नाही?