सुंबातली जागा

माझा नवरा सध्या पॅन्ट्रीत आहे. तांदळाच्या डब्याच्या वरच्या फळीवर. क्रिमेशनवाल्यांनी दिलेला अस्थींचा डबा चांगला जड आहे. देवाजवळ ठेवू नये असं इथल्या एका काकूंनी सांगितलं, आणि गराजमध्ये ठेवायला माझं मन होईना, म्हणून पॅन्ट्री. तो हिवाळ्यात गेला. आता इथे अमेरिकेत, सिएटलजवळच्या बॉथेलमध्ये, लोकांच्या अंगणातल्या चेरी फुलून गळूनही गेल्या, तरी तो तिथेच आहे.

मला रडू येत नाही. आलं असतं तर बरं झालं असतं, कारण भेटायला येणारे त्याचीच वाट बघत बसतात. "मोकळी हो गं," म्हणतात. मी हो म्हणते आणि त्यांना चहा करते. इन्शुरन्सचे फोन झाले, त्याच्या कपड्यांच्या पिशव्या भरून झाल्या, मला काही म्हणजे काही झालं नाही. सकाळचा चहा मात्र अजून दोन कपच होतो. एक कप मी पॅन्ट्रीच्या फळीवर ठेवते आणि संध्याकाळी सिंकमध्ये ओतून देते. हे कुणाला सांगितलेलं नाही.

मुलगी सिएटलला राहते, शनिवारी येते. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते. "आई, लेट्स जस्ट डू द फेरी," असं तिचं चाललंय. म्हणजे फेरीबोटीने जायचं आणि अस्थी पाण्यात सोडायच्या. तिला हे संपवायचंय, मला संपवायचं नाही, एवढाच आमच्यातला वाद. बाबाला समुद्र आवडायचा, ती म्हणते. आवडायचा, पण हा नाही. कुठला, ते आम्हा दोघींना माहीत आहे आणि आम्ही बोलत नाही.

सुंबा. इंडोनेशियातलं बेट. बालीहून पुढे छोट्या विमानाने जायचं, मग हाडं खिळखिळी होईपर्यंत जीपने. ओळखीतले लोक टेक्सासमधल्या फ्रिस्कोत दुसरं घर घेतात, नाहीतर पुण्यात फ्लॅट. माझ्या नागपूरकर नवऱ्याला रिटायर होऊन तिथल्या एका गावात राहायचं होतं. "रोड होतोय, एअरपोर्ट मोठा होतोय, थोड्या वर्षांत बघा भाव," असं तो प्रत्येक पार्टीत सांगायचा आणि लोक ढोकळा खात माना डोलवायचे. अडचण एकच. परदेशी माणसाला तिथे जमीन मालकीची करता येत नाही. लीज मिळते, तीही मुदतीची. त्यातून वाट कशी काढायची, हे तो सारखा वाचत बसायचा. "आणि मुदत संपल्यावर?" मी विचारायचे. "तोवर आपण कुठे असणार यार," तो म्हणायचा. हे वाक्य आठवलं की मला त्याचा संताप येतो.

तरी एका उन्हाळ्यात जागा बघायला गेलोच. गाव टेकडीवर. उंच टोकदार गवती छपरांची घरं, आणि मधल्या अंगणात मोठाले सपाट दगड. जागेचा मालक गावातल्या शाळेत मास्तर होता, इंग्रजी बोलणारा. त्याने घरात बसवलं. त्याच्या म्हाताऱ्या आईने आल्याआल्या पानसुपारी पुढे केली, मला एकदम घरच्यासारखं वाटलं. मग कॉफी आली. कोपऱ्यात विणलेल्या कापडांत गुंडाळलेला एक मोठा गठ्ठा होता. मी गाद्या समजून पर्स त्याला टेकवून ठेवली होती. म्हातारीने एक कप त्या गठ्ठ्यापुढेही ठेवला.

"माझे काका," मास्तर म्हणाला.

काका वारले होते. त्यांची मुलं दूरच्या बेटांवर कामाला होती. सगळे जमल्याशिवाय पुरत नाहीत, तोवर माणूस घरातच राहतो, आणि घरातल्या माणसासारखं त्याला खाणंपिणं मिळतं. मी पर्स हळूच उचलून मांडीवर घेतली. "मी इथे राहणार नाही," मी नवऱ्याला मराठीत सांगितलं. "ह्यांना गेलेला माणूस घराबाहेर काढता येत नाही." तो म्हणाला, हळू बोल.

त्याला जागा पसंत पडली. पडली तर भूमिपूजन आलंच. सवाष्णीने हळदकुंकू घेतलं नसेल इतक्या आठवणीने तो बॉथेलहून पूजेची सुपारी घेऊन आला होता. जागा मास्तरच्या घरामागेच, पण तिथे डुकरं फिरत होती. स्वच्छ जागा शोधत तो पुढच्या अंगणात आला. एका सपाट दगडाच्या कडेला मका वाळत होता, बाजूला वासरू बांधलेलं. आम्हाला वाटलं, पार आहे. त्याने रुमालाने दगड पुसला, मूठभर तांदूळ ठेवले, वर सुपारीचा गणपती ठेवला आणि हात जोडले.

अंगणातले सगळे वळून बघायला लागले. ते मास्तरच्या वडिलांचं थडगं होतं.

झालं, आता आपल्याला हाकलणार, असं मला वाटलं. पण त्यांच्यात घरात काही नवं करायचं झालं की आधी गेलेल्या माणसापुढे सुपारी ठेवून त्याला सांगतात. जागा बघायला हॉटेलवाले आले होते, सर्फिंगवाले आले होते. मास्तरच्या वडिलांना कुणी विचारलं नव्हतं. म्हातारीने डोळे पुसले, आपल्या बटव्यातली एक सुपारी गणपतीशेजारी ठेवली आणि एक ह्याला दिली. नाही म्हणायची सोय नव्हती. चुन्यासकट चघळली, तोंड लाल झालं, घाम फुटला आणि हा मटकन त्या थडग्यावरच बसला. म्हातारी पोट धरून हसली. मग तिने मास्तरमार्फत विचारलं, इथे तुमचं कोण झोपणार? ह्याने सांगितलं, आमच्यात जाळतात, काही उरत नाही. तिला ते मुळीच पटलं नाही. "मग जागा कोणाची ते कळणार कसं?"

सुपारी गणपतीची होती हे आम्ही कुणाला सांगितलं नाही. परत आल्यावर लीजचं बोलणं सुरू झालं, पुढे ह्याचं दुखणं निघालं आणि ते तिथेच राहिलं.

गेल्या शनिवारी मुलगी फोन घेऊन फेरीचा दिवस ठरवायला बसली. मी म्हटलं, थांब, आधी मास्तरला कळवू दे, तो बिचारा अजून जागा धरून असेल. इथली संध्याकाळ म्हणजे तिथली सकाळ. स्पीकरवर फोन लावला आणि सांगितलं, हा गेला, आता जागा कॅन्सल करा. बातमी वाचल्यासारखं सांगितलं. मास्तरने ते आईला सांगितलं. मग म्हातारीचा आवाज आला, आणि मास्तरने तिचा प्रश्न सांगितला. "ते अजून घरात आहेत का?"

"हो," मी म्हणाले. पॅन्ट्रीत म्हणायची लाज वाटली.

"बरं केलंस. घाई करू नकोस. त्यांना खायलाप्यायला देतेस ना?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. "सकाळचा चहा देते," मी म्हणाले.

म्हातारी बराच वेळ बोलली. मास्तरने तेवढ्याच सावकाश सांगितलं. "आई म्हणते, लीज राहायला येणाऱ्यांसाठी असते. ते वडिलांच्या दगडावर बसले होते, त्याच्या शेजारी जागा आहे. तिथे त्यांना घेऊन या. त्याला कागद लागत नाही आणि मुदतही नसते."

मुदत नाही म्हटल्यावर मला रडू फुटलं. एवढं वाचून वाचून डोळे फोडून घेतले माणसाने, आणि त्याला हवी होती ती जागा अशी मिळाली. फोन कोणी ठेवला मला आठवत नाही. मी ओट्याला धरून रडत होते, आणि मुलगी मला मिठीतून सोडत नव्हती.

मग ती बाजूला झाली. फेरीचं काही बोलली नाही. चहाचं पातेलं गॅसवर ठेवलं, तीन कप काढले आणि पॅन्ट्रीचं दार उघडून उभी राहिली.

"बाबाला साखर किती?" तिने विचारलं. मराठीत.

"दोन चमचे," मी म्हणाले. "आता शुगरची काळजी नाही."