कौसाबाईंचं न उतरणारं बीपी

"पेशंटचं बीपी ऐंशी-पन्नास. शुगर पन्नासच्या आत. सकाळी उठताना चक्कर येऊन पडल्यात. एवढ्या गोळ्या कुणी लिहून दिल्या?"

पूर्णेच्या एका दवाखान्यातून फोन होता. पलीकडचा डॉक्टर तरुण असावा. अजून चिडत होता.

"मीच दिल्या," मी म्हणालो.

ताडकळसच्या बाजूच्या एका गावात मी सरकारी डॉक्टर आहे. कौसाबाई माझ्या नेहमीच्या पेशंट. लेकीचं दुसरं बाळंतपण करायला त्या पूर्णेला गेल्या होत्या आणि तिथं स्वतःच कॉटवर पडल्या. शुगर आणखी उतरली असती तर बाई हातची गेली असती, आणि चिठ्ठीवर सही माझी. ग्लुकोज लावल्यावर त्या शुद्धीवर आल्या हे कळेपर्यंत मी चहासुद्धा घेतला नाही.

पण हे व्हावं कसं? माझ्याकडे या बाईंचं बीपी कधी उतरतच नव्हतं.

बीपीचे दोन आकडे असतात. हृदय आवळतं तेव्हाचा वरचा, सैल पडतं तेव्हाचा खालचा. एकशेवीस-ऐंशी म्हणजे ठीक. एकशेचाळीस-नव्वदच्या वर राहायला लागलं की आम्ही गोळीचा विचार करतो. कौसाबाईंचं कायम एकशेऐंशीच्या घरात, वर शुगर. मी एक गोळी दिली. ढिम्म. डोस वाढवला. ढिम्म. दुसऱ्या प्रकारची जोडली, मग तिसऱ्या. शुगरच्याही वाढवल्या. लोणचं-पापड बंद केले. मशीन बदलून पाहिलं.

"मावशी, गोळ्या चुकवत तर नाही?"

"न्हाई साहेब. जेवण झालं की गोळी. एक दिवस चुकत न्हाई."

बाई खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. शेवटी मी तालुक्याच्या साहेबांना सांगितलं. औषधांना दाद न देणाऱ्या बीपीला आमच्यात रेझिस्टंट म्हणतात. साहेब खूश झाले.

"रेअर केस आहे, डॉक्टर. परभणीच्या मीटिंगमध्ये मांडा."

"स्लाइड्स करायलोय, सर."

खरं सांगायचं तर मलाही कौसाबाईंच्या बीपीचा अभिमान वाटायला लागला होता. आमच्यासारख्या आडगावच्या डॉक्टरच्या वाट्याला दुर्मिळ असं काय येतं?

पूर्णेच्या डॉक्टरनं सगळ्या गोळ्या बंद करून त्यांना गावी पाठवलं. मी मशीन घेऊन थेट घरी गेलो. दुपारची जेवणं नुकतीच आटोपली होती. मंडळी ओसरीवर बसली होती आणि मधोमध कौसाबाई पानसुपारीची चंची सोडून बसल्या होत्या. चंचीतून सुपारी निघाली, अडकित्ता निघाला, आणि मागोमाग माझ्या गोळ्यांच्या पट्ट्या. त्यांनी एक गोळी अडकित्त्यात धरली, कट्‌कन दोन केली. अर्धी मालकाला, अर्धी जाऊबाईला. एक अख्खी शेजारच्या सखूबाईला.

"मावशी, हे काय चाललंय? गोळ्या बंद केल्यात ना?"

"माझ्या बंद केल्यात, साहेब. ह्यांच्या कामून बंद ठेवू?"

"यांना कुणी दिल्या?"

"मालकाचं डोस्कं ठणकतंय. जाऊबाईच्या तळपायाची आग व्हायलीय. सखूबाईला लय थकवा हाय. समदे तोंडाकडं बघायलेत आन् म्या एकटीनं कसं खावं?"

"मग पूर्णेला काय झालं?"

"तिथं लेक म्होरं बसून पाकिटावरचं वाचून देती. समद्या मलाच गिळाव्या लागल्या की!"

मी ओसरीच्या कडेला बसलो. एकीच्या गोळ्या चौघांत वाटल्या जात होत्या. बीपी उतरत नाही म्हणून मी डोस वाढवत होतो, आणि डोस वाढला की वाटायला आणखी मिळत होतं. सरकारी औषधाचा इतका समान वाटा मी नोकरीत दुसरीकडे पाहिलेला नाही.

चिडून उपयोग नव्हता. सगळ्यांना ओळीनं तपासलं. मालकाचं बीपी चढलेलं. जाऊबाईला शुगर. सखूबाईला दोन्ही. माणसं बरोबर निवडली होती, गोळ्यांचा मात्र गोंधळ होता. शुगरवालीला बीपीची अर्धी, बीपीवाल्याला शुगरची अख्खी, असा कारभार.

थोरले दीर, तात्या, बाजेवर बसून हसत होते.

"आमाला काय धाड भरलीय? मला आजवर कुणी गोळी दिली न्हाई."

"हात तर द्या."

दोनशेदहा. मशीन पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

"तुमचं मशीन बिघडलंय," तात्या म्हणाले. अशा वेळी सगळे हेच म्हणतात.

बीपी बहुतेकदा दुखत नाही. शुगरही बरीच वर्षं काही बोलत नाही. कौसाबाईंची वाटणी दुखण्यावर चालायची, त्यामुळे ज्याला सर्वांत गरज होती त्याच्या तळहातावर फक्त सुपारी पडली होती. माझा सगळा राग तिथंच विरला आणि भीतीच वाटली.

आठवड्यानं साहेबांचा फोन आला. "केसचं काय केलं?"

"केस राहिली नाही, सर. एकाच घरात आणि शेजारात मिळून पाच पेशंट झाले."

"पाच? मशीन तपासा."

"तपासलं. मग गल्लीतली बाकीची घरंही तपासली. तिथंही असंच आहे. तिशीच्या पुढचं माणूस धरावं आणि काहीतरी निघावं."

"मग त्यात रेअर काय राहिलं?" असं म्हणून साहेबांनी फोन ठेवला. मीटिंगला माझ्या जागी दुसऱ्या कुणाची तरी केस लागली.

आता प्रत्येकाची पट्टी वेगळी आहे. तात्या रोज गोळी घेतात, मशीन बिघडलेलं आहे हेही रोज सांगतात. कौसाबाईंना बीपीची एकच आणि शुगरची एकच गोळी पुरते. दोन्ही अगदी शहाण्यासारखी काबूत आहेत. बाई मात्र माझ्यावर जराशा नाराज आहेत, घरात आपल्याला कुणी विचारत नाही म्हणून.

मीही सुधारलो. औषधाला दाद न देणारा पेशंट समोर आला की लगेच डोस वाढवत नाही. आधी विचारतो, घरात खाणारी तोंडं किती?