आवं पाव्हणं

हौसाक्का कुत्र्यांना अहो-जाहो करायच्या. मिरजेला त्यांच्या घरी आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा दारातच एक तांबूस कुत्रं आडवं पसरलं होतं. डाव्या कानाचा तुकडा गेलेला, मागचा एक पाय वाकडा. आतून पदर खोचत एक उंच, काटक बाई आल्या आणि म्हणाल्या, "आवं पाव्हणं, पाय घ्या की जरा वाटंतनं. मानसं आल्याती." मी घाईघाईनं पाय मागे घेतले. माझी बायको शुभा फिस्सकन हसली. कुत्रं शहाण्यासारखं उठून बाजूला झालं, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आम्ही साताऱ्याहून कुत्रं न्यायला आलो होतो. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून घर खायला उठत होतं आणि मी दिवसभर टीव्हीशी भांडत बसतो, असं शुभाचं म्हणणं होतं. सांगलीतली काही मंडळी रस्त्यावरची जखमी कुत्री उचलतात, त्यांचं औषधपाणी करतात आणि कायमचं घर मिळेपर्यंत कुणाकडे तरी सांभाळायला देतात. हौसाक्कांचं घर हे असं मधलं घर. त्यांचे यजमान तंबोरे बनवायचे. ते गेल्यावर मागची पत्र्याची शेड रिकामी पडली. पुराच्या वर्षी कुणीतरी एक भिजलेलं पिल्लू दोन दिवसांसाठी म्हणून तिथं ठेवलं, आणि मग ती शेड रिकामी राहिलीच नाही. तंबोऱ्यासाठी आणलेले पण आकार बिघडलेले भोपळे कापून आक्कांनी कुत्र्यांच्या पाण्याची भांडी केली होती.

"याचं नाव काय?" मी विचारलं.

"नाव तुमी ठिवायचं. त्यो मान त्या घरचा. मी नाव बी ठेवत न्हाई आन नावं बी ठेवत न्हाई," आक्का म्हणाल्या. "ह्ये घर न्हवं भाऊ, येष्टीचा थांबा हाय. गाडी आली की बसायचं. नाव ठेवलं की जीव गुततो. त्येचा बी आन माजा बी."

म्हणून त्यांच्याकडे येणारं प्रत्येक कुत्रं पाव्हणं असायचं, आणि पाव्हण्याला अरे-तुरे कसं करायचं? "जेवा आता पाव्हणं, नखरं करू नगा," "आवं, पाय पुसून येत जावा," असा त्यांचा दिवसभर संसार चाले. चपलेचा चावा घेतला तरी "शोभतं का तुमाला?" एवढंच. हौसाक्का दुष्काळी माण तालुक्यातल्या. माहेरी मेंढरं होती, राखणीची कुत्री होती. बोलण्यात तिकडचा कोरडेपणा होता, पण तो जिभेपुरताच.

त्या दिवशी त्यांनी आमचा बघण्याचा कार्यक्रमच केला. आम्हाला सतरंजीवर बसवलं, पोहे दिले. "सोताचं घर का भाड्याचं? दुपारच्याला घरात कोन असतं? रागावता का लय?" हा शेवटचा प्रश्न माझ्याकडे बघून. मी म्हणालो, "नाही." शुभानं ज्या तऱ्हेनं पोह्यात मान घातली त्यावरून आक्कांना हवं ते उत्तर मिळालं असावं. तेवढ्यात तांबूस पाव्हणा लंगडत आला आणि शुभाच्या पावलावर हनुवटी टेकून पडून राहिला. आक्का बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. "पसंती झाली," त्या म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या.

बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते. मग त्यांनी काही न लपवता सांगितलं. पोटात गाठ होती. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, सगळे करून झाले होते. "डागदर म्हनला, आक्का, तयारी ठिवा. मी म्हनलं, माजी तयारी हाय रं बाबा, ह्या पाव्हण्याची न्हाई." बाकीची सगळी कुत्री आपापल्या घरी गेली होती. हा शेवटचा. उसाच्या ट्रॉलीनं पाय मोडलेला, दोन वर्षं आक्कांकडेच होता. मध्ये दोन घरांनी त्याला नेलं आणि दोन्ही घरांनी परत आणून सोडलं. घरात ठरत नाही, उठून कुणाच्याही मागे जातं, ही दोघांचीही तक्रार.

"आता परत आनू नगा," आक्का मला म्हणाल्या. आयुष्यात मला कुणी इतक्या शांतपणे विनवलं नसेल. "रागानं न्हाई सांगत. आनलं तर दाराला कुलूप आसंल, म्हनून सांगते."

निघताना त्यांनी त्याला दहीभात भरवला आणि मला बजावलं, "मी फोन करीन. पर माजा आवाज त्याला ऐकवू नगा. ऐकला तर वाट बगत बसंल." पेठ नाक्यापर्यंत तो मागच्या काचेतून बघत होता. त्यानंतर तो खाली बसला आणि साताऱ्यापर्यंत त्यानं मान वर केली नाही.

शुभानं त्याचं नाव मोती ठेवलं. नाव जुनंपुराणं आहे असं मी म्हणालो, तर "तुम्ही कुठं नवे आहात?" असं उत्तर मिळालं. पण मोती म्हणून हाक मारली की तो ढिम्म हलायचा नाही. तो खायचा, फिरायला यायचा, शुभाच्या पायाशी झोपायचा. नाव मात्र दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखा बसून राहायचा. आक्का फोनवर विचारायच्या, "रुळला का वो?" मी म्हणायचो, "रुळतोय." त्या म्हणायच्या, "बिगी बिगी रुळा म्हनावं."

एका संध्याकाळी मी फाटकापाशी उभा होतो. मोती माझ्यामागे ओट्यावर पडलेला. रस्त्यावर एक मोटारसायकल हळू झाली आणि चालवणारा मला म्हणाला, "ओ पाव्हणं, गोडोलीला कुटनं जायाचं?" मी हात वर करून रस्ता दाखवतोय तोवर मोती बाणासारखा फाटकातून बाहेर पडला. शेपटी हलवत, कान टवकारून, त्या माणसाकडे बघत. गाडी निघाली तसा तो वाकड्या पायानं तिच्यामागे धावत सुटला. मी ओरडतोय, "मोती, मोती!" तो मागे बघेल तर शपथ. कोपऱ्यावर एका पाणीपुरीच्या गाड्याला अडला म्हणून सापडला.

धापा टाकत घरी आलो आणि शुभाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, त्याला हाक मारली म्हणून तो गेला. त्याचं नाव पाव्हणं आहे."

आमच्या भागात अनोळखी माणसाला हाक मारायची तर दुसरा शब्द कुठं आहे? दुकानात, एसटीत, टपरीवर, जो तो ज्याला त्याला पाव्हणं म्हणतो. त्या बिचाऱ्याला दिवसातून दहा जण नावानं बोलावत होते आणि बोलावून निघून जात होते. आधीच्या दोन घरांतही हेच झालं असणार.

हे आक्कांना सांगावं की नाही यावर आमच्यात वाद झाला. शेवटी शुभानंच सांगितलं. मग आक्का म्हणाल्या, "आगं बया. नाव न ठेवता नावच ठेवलं की गं मी." आणि रडायला लागल्या. "माज्याच जिबेनं दोनदा बेघर झाला गं त्यो. मी आपली सगळ्यांस्नी सांगत फिरले, जीव गुतू दिऊ नगा म्हनून." शुभा त्यांना समजावत राहिली. समजावता समजावता तीही रडत होती. मी उगाचच मोतीच्या पाठीवरचे गोचीड शोधत बसलो.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला तेव्हा आवाज ठाम होता. "भाऊ, फोन त्येच्या कानाशी धरा."

"आक्का, तुम्हीच नको म्हणाला होता."

"तवा न्हाई म्हनले, आता व्हय म्हनते. धरा."

मी फोनचा आवाज मोठा केला आणि त्याच्यासमोर धरला. "मोती," आक्का म्हणाल्या. तो ताडकन उठला. फोन हुंगला, फोनच्या मागे जाऊन बघितलं, दाराकडे गेला, परत आला. कण्हल्यासारखा आवाज काढायला लागला. मला ते बघवेना. "ए मोती," आक्का पुन्हा म्हणाल्या, "आरं, हिकडं न्हाई. शुभाताईकडं जा. तुजं घर हाय त्ये." दोन वर्षं ज्याला अहो म्हटलं त्याला त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा अरे म्हटलं. तो आता पाव्हणा राहिला नव्हता. आणि ते म्हणताना त्यांना काय झालं असेल, ते त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

मग रोज हाच क्रम सुरू झाला. फोन यायचा, आक्का मोती म्हणायच्या, शुभा समोर बसून मोती म्हणायची, आणि तो दोघींच्या मध्ये उभा राहून एकदा फोनकडे आणि एकदा शुभाकडे बघायचा. हळूहळू तो शुभाकडे जायला लागला. मी हाक मारली तरी यायला लागला. आमच्या घरात आम्ही पाव्हणं हा शब्दच बंद केला. कुणी आलं तर "या, बसा" एवढंच. तिकडे आक्कांचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला. पुढे पुढे त्यांची मुलगी फोन लावून त्यांच्या तोंडाशी धरायची. शेवटच्या फोनवर नुसता श्वास ऐकू आला आणि त्यात कुठेतरी "मोती." तो उठला आणि सरळ जाऊन शुभाला टेकून बसला. "गेला का गं?" आक्कांनी विचारलं. शुभा म्हणाली, "हो आक्का, आला माझ्याकडं."

तेराव्याला आम्ही मोतीला घेऊन मिरजेला गेलो. आणावं की नाही कळत नव्हतं, पण त्याला सोडून जाणं बरं वाटेना. अंगणात मांडव होता. शेडच्या दाराशी भोपळ्याची भांडी एकात एक घालून रचून ठेवली होती. मोतीनं ती हुंगली, शेडमध्ये जाऊन एक फेरी मारली आणि परत आमच्याजवळ आला.

आक्कांचे जावई दारात उभे होते. आम्हाला बघून ते पुढे आले आणि हात जोडून म्हणाले, "या पाव्हणं, या आत."

माझी नजर आपोआप खाली गेली. मोतीचा कानसुद्धा हलला नाही. शुभाच्या पायाला अंग लावून तो उभा होता, पोरानं आईचा पदर धरून उभं राहावं तसा. हौसाक्कांना हेच हवं होतं, उरलासुरला श्वास त्यांनी याच्यासाठीच खर्चला होता. हे सगळं मला कळत होतं, तरी मला वाटत होतं, एकदा, या दारात तरी एकदा, त्यानं वर बघावं.

जावई पुन्हा म्हणाले, "या की पाव्हणं."

तेव्हा मीच आत गेलो.