बापूंच्या पोथीतली काडी

चार रेल्वेवाले एकत्र राहिले की किस्से कोळशाच्या भुकटीसारखे साचतात; झटकावेत तेवढे निघतात! लोणावळ्याच्या आमच्या चाळीतले निम्मे तर बापू गार्डांच्या पोथीचे. दर शनिवारी त्यांच्या ओटीवर बैठक. कुणाला पेच पडला की बापू डोळे मिटून पोथीत काडी घालायचे. जे पान उघडेल तो हुकूम! पोथी लिहिणाऱ्या एवढ्या जुन्या काळच्या माणसाला आमच्या चाळीची केवढी काळजी, याचं आम्हाला भारी कौतुक.

*

एकदा रामभाऊ ड्रायव्हरला डुलकी लागली आणि गाडी लेट झाली. साहेबाला खरं सांगावं का? काडी घातली. निघाला, 'अश्वत्थामा मेला' म्हणणारा धर्मराज!

रामभाऊ खूश. "धर्मराजाला चालतं, मग आपण कोण?" त्यांनी ठोकून दिलं, रुळावर म्हैस होती. ओरडा बसला बिचाऱ्या गेटमनला. आम्हाला तेव्हा तेही गमतीचंच वाटलं.

*

पुढे बापूंच्याच शेळीनं धोंडिबा पॉइंट्समनचा वालाचा वेल फस्त केला. धोंडिबा कार्ले गावचा, तापट. "बापू, काडी घाला. न्याव झाला पायजे!"

निघालं, दुष्टाला शासन करावं. धोंडिबानं लगेच दांडकं उचललं.

"अरे थांब थांब!" बापू ओरडले. "काडी जरा तिरकी गेली." पुन्हा घातली. या खेपेला क्षमा निघाली!

"लय सोयीची पोथी हाय तुमची," धोंडिबा म्हणाला. आम्ही पोट धरधरून हसलो. दाराआड चहा गाळणारी आक्काही हसली.

आक्का म्हणजे बापूंची धाकटी बहीण. परकर नेसायच्या वयात लग्न झालं आणि त्याच वयात विधवाही झाली.

*

मळवलीच्या केबिनवरचे विष्णुपंत विधुर. सरळ, निर्व्यसनी माणूस. त्यांनी आक्काला मागणी घातली. आक्कानं भावाला स्वच्छ सांगितलं, "दादा, माझी ना नाही."

बापूंनी ते पोथीवर सोपवलं. शनिवारी सगळ्यांसमोर काडी घातली. पतिव्रतेचं पान निघालं. नवरा एकच, तो गेला तरी तोच.

"झालं तर मग," बापू म्हणाले. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. धोंडिबानंही. विष्णुपंत खाली बघत चपला शोधू लागले. आज आठवलं तरी तोंड लपवावंसं वाटतं.

आक्का चहा घेऊन बाहेर आली. एकेकापुढे कप ठेवला. मग पोथीवरची काडी उचलून तिनं बापूंपुढे धरली.

"दादा, शेळीसाठी दोनदा घातली होतीस."