आईचं डॉक्टरांना न विचारलेलं

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा आईच्या छातीत गाठ निघाली. तपासणीत कॅन्सर ठरला. वडिलांना कंपनीतून रजा मिळेना, म्हणून आकुर्डीहून पुण्याच्या इस्पितळात तिला मीच नेलं. घरात इंग्रजी येणारा मी एकटाच, आणि तिथले सर्जन दक्षिणेकडचे, त्यांना मराठी येत नव्हतं.

पूर्ण स्तन काढावा लागेल, असं ते म्हणाले. मी आईला "समदं काढनार हायेत" एवढंच सांगितलं. ती थोडा वेळ पदर चाचपत बसली.

"बोंड तरी ऱ्हाईल का, इचार. पाच लेकरं प्याली त्येच्यावर."

समोर दोन नर्सबाई उभ्या होत्या. तो इंग्रजी शब्द मला येत होता, पण आईबद्दल तो तोंडातून निघेना. मी मान खाली घालून भलतंच विचारलं : इस्पितळात किती दिवस राहावं लागेल? पंधरा, डॉक्टर म्हणाले.

"न्हाई म्हनत्यात," मी आईला सांगितलं. तिनं कागदावर अंगठा उठवला.

आता बोंड राखून केलेली शस्त्रक्रिया बऱ्याच जणींना मिळते, असं वाचतो. तेव्हा ती आईला मिळालीच असती, असं मला म्हणता येत नाही. कदाचित नसतीच मिळाली. पण नकार डॉक्टरांचा नव्हता, माझा होता.

आईच्या शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी शेजारच्या काकूंनाही छातीत गाठ आली. आई त्यांना म्हणाली, "आमच्या पोराला घिऊन जाऊ. माझ्या येळंला समदं इंग्रजीत इचारलं त्यानं." आम्ही तिघं त्याच डॉक्टरांपुढे बसलो. काकूंनी काही म्हणायच्या आधीच मी विचारलं, बोंड राखता येईल का?

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. काही ठिकाणी वरची कातडी आणि बोंड ठेवून आतलं काढून बघताहेत, पण कॅन्सरमध्ये त्याची अजून खात्री नाही, आपण ते करत नाही, असं त्यांनी बराच वेळ समजावलं. मी एकेक वाक्य काकूंना सांगत गेलो.

बाहेर बाकावर आई म्हणाली, "माझ्या टायमाला इतकं न्हाई बोलले."

"तवा ह्याचं इंग्रजी कच्चं आसंल," काकू म्हणाल्या.

"आये, मी इचारलंच न्हवतं," मी म्हणालो.

ती माझ्याकडे वळली. "लाजलास?"

मी मान डोलावली.

"मी न्हाई लाजले, रं," ती म्हणाली.